आभाराच्या यादीत मी बसणार नाही

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. प्रकाशक साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि माइकवर म्हणाले, "ही आमची माहिती देणारी. हिच्या वस्तीतल्या गोष्टींवरून आम्ही हा खेळ बनवला."

टाळ्या झाल्या. मी हसले. का हसले, आजही सांगता येत नाही.

टेबलावर चकचकीत पेट्या रचलेल्या. एक उघडली. आत माझीच वाक्यं, जशीच्या तशी. 'शेजारणीला इचारल्याबिगर हंडा उचलायचा न्हाई', हे माझ्या आईचं बोलणं. तेसुद्धा नियम म्हणून छापलेलं. खाली, सर्व हक्क राखीव. माझं नाव कुठंच नाही.

मी सोलापुरात एका दवाखान्यात केसपेपर काढते. राहते बौद्ध वस्तीत. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, त्यावरनंच खेळ सुचला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात. कुणी पाणी सोडणारा चावीवाला, कुणी विडी वळणारी मावशी, कुणी नळाला चोरून मोटार लावून पाणी ओढणारा. अडचण आली की फासा टाकायचा, पुढचं आपण ठरवायचं. तीन वर्षं मी तो लिहीत होते. रविवारी विहारात बाया, पोरी, म्हातारे, सगळे खेळायला बसायचे. लई भांडायचे. मला बरं वाटायचं.

चूक माझी झाली, तीही सांगते. खेळाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या, त्यांच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'कुणीही घ्या, छापा, खेळा.' नाव घातलं नाही. अट घातली नाही. घरातल्या वाटीवरसुद्धा आम्ही नाव कोरून घेतो, पण विहारासाठी केलेल्या कामावर नाव मिरवायचं नाही, हे लहानपणापासूनचं वळण. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं खेळ कुणाचा ते. बाहेर कुणाला असणार? तशीच एक प्रत फिरत फिरत साहेबांच्या हाती गेली.

त्या कार्यक्रमानंतर आठवड्यात विहाराच्या पत्त्यावर साहेबांचं पत्र आलं. झेरॉक्स प्रती वापरणं बंद करा, हक्क आमचे आहेत. आई म्हणाली, "आपलाच खेळ, आन् आपल्यालाच बंदी व्हय?"

मी त्यांच्या ऑफिसात गेले. तिथल्या शिपायालाही ते अहोजाहो करत होते. मला अगं. त्यांनी कागद पुढं सरकवला. खेळाचा सगळा मजकूर त्यांचा आहे, असं मी लिहून द्यायचं. बदल्यात विहारात खेळायला परवानगी, आणि आभाराच्या यादीत माझं नाव.

"तूच लिहिलं होतंस ना, कुणीही घ्या म्हणून?"

"घ्या म्हणाले होते. आमचं बंद करा म्हणाले नव्हते."

ते हसले. हक्क, लायसन्स ही तुझ्या आवाक्यातली कामं नाहीत म्हणाले. राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी त्यांच्या पेनाला टोपण लावलं, कागदावर ठेवलं आणि उठले.

मग हक्क आणि लायसन्स म्हणजे काय ते वाचत बसले. नळावरचा खेळ कुणीही करावा, कल्पना कुणाच्या बापाची नसते. पण वाक्यं लिहिणाराची असतात. जगभर खेळ करणारे आपलं लिखाण खुल्या परवान्यावर, म्हणजे कुणीही वापरा पण आमच्या अटी पाळा असं सांगून, देतात, तसंच मी दिलं. यावेळी नाव घालून, दोन अटी घालून. लिहिणारीचं नाव ठेवायचं, आणि यावरून जे कराल तेही असंच खुलं ठेवायचं. कच्चे खर्डे दवाखान्यातल्या रद्द केसपेपरच्या पाठीवर होते, प्रत्येकावर तारखेचा शिक्का. लिहिलं मीच, याचा पुरावा म्हणून त्यांच्या प्रती काढल्या आणि एका वकीलबाईंकडून साहेबांना नोटीस धाडली.

उत्तर नाही. पेटी अजून दुकानात आहे. वकीलबाई म्हणतात, लई वेळ लागेल. लागू दे. विहारात दर रविवारी खेळ चालू आहे, तो बंद होणार नाही. पेटीवर लिहिणारी म्हणून माझं नाव येईल, नाहीतर माझं एकेक वाक्य त्यातून बाहेर काढायला लावीन.