माझ्या मनगटावरची सातुका

सातुका माझ्या शेजारी एकतीस वर्षं बटाटे विकायला बसली. आमच्या पुनाता गावच्या मंगळवारच्या बाजारात तिच्याइतकं फटकळ तोंड कुणाचं नव्हतं. कुणी बटाटा फार दाबून पाहिला की म्हणायची, "दाबतोस काय रे, लग्न करायचंय का त्याच्याशी?" लहानपणी मातीच्या घरात तिला भिंतीतली विंचुका चावली, आमच्या खोऱ्यात निम्म्यांना चावते तशी. हा मेला किडा पोरवयात चावतो आणि म्हातारपणी काळीज पोखरतो. डाव्या खांद्याखाली तिला पेसमेकर बसवला, तेव्हा म्हणाली, "घ्या, आता मलाही किल्ली द्या रोज!"

तिची एकुलती एक लेक निल्दा स्पेनमध्ये दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळते. नऊ वर्षं झाली. कागदपत्रं नाहीत, त्यामुळे एकदा तिथून निघाली की परत आत घेणार नाहीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला कडेवर घेतलेली मी, म्हणून ती मला मादरिना, म्हणजे धर्माची आई, म्हणते आणि तिची आई मला कोमाद्रे. तिनं आईला स्मार्ट वॉच पाठवलं. आईच्या नाडीचा आकडा तिला तिकडे फोनवर दिसायचा. सोबतचा माहितीचा कागद मी मिरच्यांच्या पुड्या बांधायला फाडला. मला वाचता येत होतं. मी वाचला नाही.

बाजारात मनगटावर घड्याळ मिरवायचं म्हणजे चोराला आवतण. आम्ही बाया पैसे, फोन, सगळं चोळीत खोचतो. सातुकानं घड्याळ खोचलं, चुंबकाचा चार्जरही खोचला, तोही डावीकडे, नेमका पेसमेकरवर. तिसऱ्या दिवशी ती बटाट्यांच्या ढिगावर कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भडकल्या. "चुंबकानं पेसमेकर गडबडतो! आणि हे घड्याळ अंगातली चरबी मोजायला बारीकशी वीज सोडतं. पेसमेकरवाल्यांनी हे घालायचंच नाही. कागदावर लिहिलेलं असतं, वाचत नाही का तुम्ही?" मी पायाच्या बोटांकडे बघत उभी. मग मला बाजूला घेऊन त्या हळू म्हणाल्या, "पेसमेकर ठोके देतो, ताकद नाही देत. हृदय फार थकलंय. लेकीला बोलवायचं तर आत्ताच बोलवा."

घरी आल्यावर सातुकानं ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि चोरांना दिसू नये म्हणून वरून बाही ओढली. फोन जवळ असल्याशिवाय आकडा जात नाही, म्हणून फोनही माझ्याच खिशात घातला.

"आकडा बंद झाला तर पोरगी सगळं टाकून धावत येईल. ऑक्टोबरात तिचे कागद होतायत, कोमाद्रे. तोवर तू घाल."

"आणि तू त्याआधी गेलीस तर?"

"मी कुठं जाते! माझी जागा काय तुला देऊ? तुला सडका बटाटा ओळखता येत नाही."

मी हसले आणि घड्याळ राहू दिलं. त्या हसण्याची मला आज किळस येते.

पाच महिने निल्दा माझी नाडी बघत होती. रविवारी व्हिडिओवर म्हणायची, "आई, काय झकास आकडा येतोय गं तुझा!" सातुका मनगट शालीत आणि सुजलेले पाय बाकड्याखाली लपवून म्हणायची, "तुझ्या बापाला नाचवलंय मी, मला काय धाड भरलीय!" दोनदा मी तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिनं मला कोपरानं ढोसलं आणि मी गप्प बसले. गप्प बसणं सोपं होतं.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, भर बाजारात शेंगा सोलता सोलता तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. मला वाटलं, डुलकी लागली. गिऱ्हाईक वाट बघत होतं म्हणून मी तिला हलवलं, तर हातातल्या शेंगा खाली सांडल्या.

मी किती ओरडले, कुणी मला धरलं, काही आठवत नाही. खिशात तिचा फोन वाजत होता.

"मादरिना, आई कुठंय? तिचा आकडा एकदम एकशे तीसवर गेलाय! काय होतंय तिला?"

मी फोन कानाला धरून नुसती रडत राहिले.

"रडू नका हो! मी येते. खड्ड्यात गेले ते कागद, आजच निघते. आकडा दिसतोय मला, म्हणजे ती आहे. तोवर फक्त तिचा हात धरून बसा. सोडू नका."

सातुकाचा हात माझ्या हातातच होता.