सिस्टरची बदली

त्या दवाखान्यात डॉक्टर येत आणि जात, टिकून होती ती एकटी सिस्टर. आली तेव्हा तीही तात्पुरतीच होती. नवरा शहरात, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, घर तिकडेच. वर्षभर कळ काढायची आणि परतायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

पण इथे तिला एक गोष्ट खुपायला लागली. शुगर आणि बीपीचे पेशंट गोळ्या न्यायचे, जरा बरं वाटलं की गायब व्हायचे, आणि पुन्हा दिसायचे ते थेट चौघांनी उचलून आणलेले. म्हणून तिने मंगळवार फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवला. तपासणी, गोळ्या, पायांची पाहणी, सगळं त्याच दिवशी. जो येणार नाही, त्याच्या दारात संध्याकाळी सिस्टर हजर. "बरं वाटतंय ना, मग तर घ्यायचीच गोळी," हे तिचं पालुपद लोक तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. वेल्डरकाका पाय दाखवायला कां-कूं करत होते, तेव्हा तिने बळेच मोजा काढायला लावला. अंगठ्याला जखम होती आणि काकांना पत्ताच नव्हता. पाय वाचला. काका तेव्हापासून तिला लेक म्हणू लागले.

बदलीसाठी ती दरवर्षी अर्ज करायची. तुमच्यासारखं कोण सांभाळणार, असं म्हणून साहेब तो बाजूला ठेवायचे. शेवटी एकदाची ऑर्डर आली. नवऱ्याने हौसेने स्वयंपाकघराला रंग दिला. तिने भांडी बांधायला घेतली.

त्याच आठवड्यात वेल्डरकाका मंगळवारच्या सगळ्या मंडळींना घेऊन दारात उभे राहिले. चेहरे नुसते फुललेले.

"लेकी, साहेबांना भेटून आलो. तुझी बदली रद्द करून आणली."

रागावणार कोणावर? ती हसली. बांधलेली भांडी सोडून तिने सगळ्यांना बिनसाखरेचा चहा केला. मंडळी गेल्यावर तिने फोन लावला. पलीकडून नवरा "बरं" एवढंच म्हणाला.

काही महिन्यांनी त्याच्या कचेरीतून फोन आला. तो टेबलावरच कोसळला होता. उजवी बाजू गेली होती. ती घरी कपडे घ्यायला गेली, तर कपाटात त्याच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं न फोडलेली सापडली.

त्याला नीट बोलता यायला लागल्यावर तिने विचारलं, "बंद का केल्यात?"

"बरं वाटत होतं." मग जड जिभेने एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "तू सगळ्यांच्या दारात जायचीस. माझ्या दारात कोण येणार होतं?"

तिने त्याच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली.

रजा संपत आली. त्याला एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिने त्याला दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये आणलं. आता बदली मागायलाही तोंड उरलं नाही. नवराबायको एकत्रच आहात की, असं साहेब म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं.

मंगळवारी तोही बाकावर बसू लागला. लोक त्याला पुढे जागा देऊ करायचे, पण तो भिंतीकडे तोंड करून शेवटीच बसायचा. पहिल्यांदा त्याच्या दंडाला पट्टा बांधताना सवयीने तिच्या तोंडून गेलं, "गोळी घेतली?"

"हो, सिस्टर," तो म्हणाला.

पट्ट्यात हवा भरताना तिने मान वर केली नाही.

बदली तिनेच मागितली होती, हे वेल्डरकाकांना उशिरा कळलं. खाली मान घालून ते म्हणाले, "तुझं घर तिकडे वाट बघतंय, हे कधी बोलली नाहीस."

तुम्ही कधी विचारलं, असं अगदी ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "असू द्या, काका."

दुसऱ्या दिवशी काका लोखंडी पाइप घेऊन आले. तिच्या नवऱ्याला आधार धरून चालता यावं म्हणून त्यांनी तो व्हरांड्याच्या भिंतीला लावून दिला. दोन्ही हातांनी हिसके देऊन पाहिले. "हत्ती लटकला तरी निघायचा नाही," ते समाधानाने म्हणाले.

नवऱ्याने डाव्या हाताने पाइप धरला आणि पाय ओढत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. तिथे पाइप संपला. रस्त्याकडे बघत तो जरा थांबला आणि मग हळूहळू वळून परत येऊ लागला. तो बाकापर्यंत पोचेपर्यंत सिस्टर दारात उभी राहिली. मग तिने पुढच्या पेशंटला आत घेतलं.