मानपत्राचे तीन मसुदे

मुलुंडला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं चित्रपट मंडळ महिन्यातून एका रविवारी सकाळी भरायचं. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक निवृत्त, काही घाटकोपर-चेंबूरहून येणारी. परदेशी सिनेमा, मग चहा, मग चर्चा. सिनेमा ज्याला कमी समजला असेल तो चर्चेत जास्त बोलायचा.

सिनेमे निवडायचे ते अध्यक्ष. मंडळ त्यांनीच काढलेलं. बर्फातल्या मंद सिनेमांच्या मधोमध ते बिनदिक्कत एखादा भुताचा किंवा दरोडेखोरांचा सिनेमा लावत. सभासद नाकं मुरडत. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की भुताचा सिनेमा वाईट असेल तर लगेच कळतं, कारण कोणी घाबरत नाही. गंभीर सिनेमा वाईट आहे हे कळायला आपल्याला दहा वर्षं लागतात.

गेल्या वर्षी पेन ड्राइव्ह द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत टीव्हीवर सिनेमा थांबवलेला आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना पडद्याखालच्या ओळी मराठीत वाचून दाखवत होत्या. "ती म्हणते, मला परत यायचं नाही. थांबा, आता ती उठली. खिडकीशी गेली." मग बटण दाबून पुढे. काकूंना असले सिनेमे कधीच आवडले नव्हते. दोन तासांचा सिनेमा असा बघायला त्यांना दोन दुपारी लागत.

अध्यक्षांना मधलं काहीच दिसत नव्हतं, फक्त कडेचं. असं होऊन वर्ष झालं होतं. मला बसवून ते म्हणाले, "मंडळात कोणाला बोलू नकोस. निवड काढून घेतील. तेवढंच राहिलंय रे माझ्याकडे."

मी शब्द दिला.

दोन-तीन महिन्यांनी आम्ही एक उत्तर युरोपातला सिनेमा लावला. म्हातारा स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेला, पुढ्यात कप, खिडकीबाहेर बर्फ. म्हातारा हलेना. कप हलेना. आवाजही नाही. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक अंधारातच वहीत काही लिहीत होते. मीही मनात 'स्तब्धता' या शब्दाभोवती एक परिच्छेद रचत होतो. सात-आठ मिनिटं अशी गेली.

मग पहिल्या रांगेतून अध्यक्षांचा आवाज आला. "अरे, बंद पडलंय ते. इथे बाहेर लाकडं फोडल्याचा आवाज यायला हवा."

लॅपटॉप अडकला होता. तो पुन्हा चालू केला, तर दुसऱ्याच क्षणाला म्हातारा उठला आणि बाहेर कुऱ्हाड वाजली. कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. प्राध्यापकांनी वही मिटली.

चहाच्या वेळी चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना बरं कळलं?" प्रश्नात कुचकेपणा होता. अध्यक्षांचं कौतुक करायची संधी मला सोडवेना. शिवाय गोष्ट चांगली होती आणि ती मला एकट्याला माहीत होती. मी सांगून टाकली: काकूंचं वाचन, दोन दुपारी, सगळं. अशी मेहनत आपल्यापैकी कोण घेतो, असंही वर म्हणालो.

चिटणीसांनी कप खाली ठेवला. "म्हणजे त्यांना दिसत नाही?"

पुढच्या आठवड्यात आमची कार्यकारिणी बसली, अध्यक्षांना न बोलावता. ज्याला दिसत नाही तो सिनेमे निवडतो हे बाहेर कळलं तर लोक हसतील, असं ठरलं. त्या दिवशी ज्यांना दिसत होतं ते सगळे काय करत होते, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी चहा मागवला.

आमच्यात कोणाला काढत नाहीत. सत्कार करतात. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि 'सन्माननीय सल्लागार' हे पद. त्या पदावरच्या माणसाचा सल्ला घ्यायचा नसतो. मानपत्र माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी बरं आहे. 'दृष्टी' हा शब्द टाळायला मला तीन मसुदे लागले.

सत्काराला एक नगरसेवक आणले होते. ते चित्रपटसृष्टीच्या सेवेबद्दल बोलले आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत गेले. चिटणीसांनी मानपत्र वाचलं. अध्यक्ष खांद्यावरची शाल सांभाळत, मान किंचित तिरकी करून, कडेने ऐकल्यासारखे बसले होते. टाळ्या झाल्यावर निवड समिती जाहीर झाली. तिघांची. त्यात मी होतो.

सिनेमाला ते थांबले नाहीत. काकू नारळ आणि मानपत्राची चौकट घेऊन पुढे गेल्या, म्हणून जिन्यापर्यंत मी अध्यक्षांना हात दिला.

"मानपत्र तू लिहिलंस ना?"

"हो काका."

"वाटलंच. वाक्यं छोटी होती." एक पायरी उतरून ते थांबले. "आणि त्यांना सांगितलंस तेही तूच."

त्यांनी माझा हात सोडला, कठडा चाचपून धरला आणि उरलेल्या पायऱ्या एकेक करून ते उतरले. खालून काकू त्यांना पायऱ्या मोजून सांगत होत्या. वर दिवे मालवले गेले, तेव्हा मी आत जाऊन पहिल्या रांगेत बसलो. निवड समितीसाठी तिथे जागा राखून ठेवली होती.