दमट हवेची वॉरंटी

किहीमपासून पालीपर्यंत असा एक दुकानदार दाखवा, जो आमच्या आतोबांना, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांना, लांबून येताना पाहून तराजू पुसायला घेत नाही! पालीला गणपतीचं दर्शन ते दोन मिनिटांत उरकत आणि पेढेवाल्यापाशी तासभर उभे राहत. "शेठ, खोका मी खाणार नाही. तो बाजूला ठेवा नि नुसते पेढे तोला." थळहून येणाऱ्या कोळणीकडेसुद्धा ते पक्की पावती मागत. "आजोबा, पावती खाशील का म्हावरा?" म्हणून ती खेकसली, तेव्हा आतोबांनी स्वतःच पावती लिहिली आणि तिच्या म्हावऱ्याच्या हातानं सही घेतली. पुढे त्या पावत्यांच्या फायलीपाशी गावातली झाडून सगळी मांजरं मुक्कामाला असत. खोटं वाटत असेल तर मांजरांना विचारा.

पण आत्याचं नवंकोरं कानाचं मशीन दोन महिन्यांत बंद पडलं, तेव्हा या माणसाची खरी परीक्षा झाली. अलिबागच्या दुकानदारानं हात वर केले. "आत दमट हवा शिरलीय, काका. वॉरंटीत बसत नाही."

आतोबा असे कडाडले की बंदरातल्या होड्या हलल्या असतील. "समुद्रकाठी दुकान थाटून दमट हवेचं कारण सांगता? मग विकताना का नाही बोललात?"

झालं, ग्राहक आयोगात तक्रार गेली. वकील नको, स्वतःच बोलणार! सुनावणीला मी सोबत होतो. आतोबांनी सदोष वस्तू, लपवलेली अट, विक्रेत्याची जबाबदारी, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. मग अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "मशीन बंद पडल्यानं तुम्हाला नेमका त्रास काय झाला?"

हातातले कागद खाली ठेवून आतोबा हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं ही माझ्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडायची, मॅडम. आता मी काहीही बोललो तरी नुसती हसते."

निकाल आमच्या बाजूनं लागला, बदली मशीन मिळालं. आतोबांनी ते आपल्या हातानं आत्याच्या कानात बसवलं, समोर स्टूल ओढून घेतलं आणि खटल्याची हकिकत अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.

दुसऱ्याच वाक्याला आत्यानं हात वर केला. "इतकं काही झालं नसणार. वाढवून सांगताय."

आतोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "बरं, थोडं कमी करतो," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.