काचेच्या कपाटातला माझा चाकू

पेरू चिरायला माझ्याकडे एक घडीचा चाकू होता. शिंगाची काळी मूठ, पितळेचे खिळे, बोटभर पातं. पेरू, पार्सलची चिकटपट्टी, शिवणाचा दोरा, सगळं त्यानेच. पायाची नखंसुद्धा, पण हे मुलाला माहीत नाही. दिल्लीच्या मेट्रोत चाकू नेऊ देत नाहीत, म्हणून मी मेट्रोनेच जात नाही. फरीदाबादच्या बहिणीला मला भेटायचं असेल तर तिने यावं.

मग मुलाला जुने चाकू जमवायचा नाद लागला. गुरुग्रामच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीन बघून त्याचे डोळे दुखतात, आणि घरी येऊन तो भिंगातून पाती बघतो. पात्याच्या मुळाशी कारखान्याचा शिक्का असतो. तो शिक्का, मूठ आणि खिळे बघून तो चाकूचं वय ठरवतो.

"आई, हे शोपीस नाहीत. रोजच्या वापरासाठी घेतोय," असं सुरुवातीला म्हणाला होता. पुढे काचेचं कपाट आलं. मग कपाटाला कुलूप आलं.

एका रविवारी त्याने माझा चाकू भिंगाखाली धरला.

"आई, हा फार जुना आहे. तुझ्या लग्नाच्याही आधीचा."

"मी तो मुनिरक्याच्या बाजारात घेतला. तुला गोवर आला होता तेव्हा. कोरा होता."

"दुकानात पडून असेल."

"दुकान नव्हतं, हातगाडी होती."

"शिक्का बघ ना, यार. नंतर असा करत नव्हते. ग्रुपवर सगळे हेच म्हणतायत."

चाकू जमवणाऱ्यांच्या त्या ग्रुपवरच्या एकानेही मला तापलेलं पोर कडेवर घेऊन मुनिरक्यात फिरताना पाहिलेलं नव्हतं. तरी शिक्का खरा आणि आई खोटी, असं ठरलं. चाकू कपाटात गेला. मला प्लास्टिकच्या मुठीचा, दातेवाला चाकू मिळाला. त्याने पेरू चिरत नाही, फाटतो.

"परत दे," मी रोज जेवताना म्हणायचे.

"अगं, त्याची पॅटिना जाईल."

पॅटिना म्हणजे पात्यावरचा जुना काळपटपणा. तो माझ्याच पेरूंनी आणला होता, पण हे कुणाला सांगणार?

सून म्हणाली, "आई, ऑनलाइन नवा मागवू का?"

"माझा आहे तोच हवाय. तुझा नवरा देऊ का ऑनलाइन बदलून?"

"अच्छा, बदलून देतात?" ती म्हणाली. मुलगा ताटात बघून जेवत राहिला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पूजतात. सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा पाटावर यांचं पेन, पक्कड आणि माझी विळी असायची. मुलाने लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि कपाटातले सगळे चाकू उघडून मांडले. माझाही. फुलाने पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं, वर झेंडू ठेवले.

"लोखंड आहे ते," मी म्हटलं. "स्टेनलेस नाही. पुसून ठेव."

"आई, आज हत्यारांना हात लावायचा नाही. बाबांचा नियम आहे. उद्या उचलायची."

नियम होता खरा. पण यांची पाठ वळली की मी विळी पुसून घ्यायचे, म्हणून ती टिकली. या वेळी मी काही पुसलं नाही. ज्याच्याकडे भिंग, त्याने बघावं.

दसऱ्याच्या सकाळी प्रत्येक कुंकवाखाली गंज होता. माझ्या चाकूवर तर नेमका शिक्क्यावर. मुलाने फोटो ग्रुपवर टाकले. आलेली उत्तरं मात्र वाचून दाखवली नाहीत. दुपारपर्यंत तेल आणि फडकं घेऊन घासत बसला. माझ्या चाकूचा शिक्का आधीच झिजलेला होता, तो गंजाबरोबर निघून गेला.

"आता हा कधीचा, ते कुणालाच सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"मला येतं. तुला गोवर आला तेव्हाचा."

त्याने चाकू माझ्यासमोर ठेवला, वर आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडला. मी पान बाजूला केलं, पेरू चिरला आणि पहिली फोड त्याला दिली.

"तेलाचा वास येतोय, आई."

"खा," मी म्हटलं.