कढत लगद्यातली पूड

मसुऱ्याला आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, मी आणि माझी मोठी जाऊ, वयनी, केळीच्या सोपटांचा कागद करायचो. सोपटं शिजवून लगदा करणं आणि साच्यावर ताव उचलणं माझं. लगदा पांढरा करणं वयनीचं. शहरातल्या गिऱ्हाइकांना लग्नपत्रिकेला पांढराशुभ्र कागदच लागतो, म्हणून ती तोंडाला पदर बांधून टाकीवर वाकायची आणि ब्लीचिंग पावडर ढवळायची. पदराने काय अडणार! आधी खोकला लागला, मग दम लागू लागला.

तिच्यासाठीच मी एका प्रशिक्षणातून एन्झाइमच्या पुडीचा डबा आणला. ते लगद्यातला चिवटपणा आधीच सैल करतं, मग ब्लीचिंग अगदी थोडं पुरतं. लगदा आधणाच्या पाण्याने धुतला आणि वाफा निघत असतानाच मी पूड टाकायला घेतली. जितकं गरम तितकं लवकर काम होईल, ही माझी अक्कल.

वयनी म्हणाली, "जरा निवांदे गो. कढत दुधात कोण इरजण घालता काय?"

"वयनी, ह्या धय नाय," म्हणून मी हसले.

कागद होता तसाच तपकिरी निघाला. मला असा राग आला की डबा फळीवर आपटला, शिकवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. वयनी पुन्हा टाकीवर वाकली. पुढे दोन वर्षं वाकत राहिली.

मग दुसऱ्या एका प्रशिक्षणात बाई सहज सांगून गेल्या, फार उष्णतेने एन्झाइम मरतं, हाताला सोसेल इतपतच गरम हवं. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मी वही मिटली. मला हे माझ्याच मांगरात सांगून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्याच पुडीचा नवा डबा आणला. लगदा कोमट होऊ दिला, पूड घातली, वर गोणपाट टाकलं. दुसऱ्या दिवशी जराशा पावडरीत कागद पांढरा झाला. ताव सुकल्यावर वयनीकडे नेला. ती आता उशांना टेकून बसूनच असते. छाती पूर्वीसारखी होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तिने ताव नाकाशी धरला. "वास येणा नाय गो," म्हणाली. मग विचारलं, "ह्या त्याच डब्यातला काय?"

"नाय वयनी. ह्या येगळा आसा. आदी मिळत नाय होता."

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि धापा टाकत म्हणाली, "मगे तुझो काय दोष गो."