पाहुणीसाठी घासलेलं तळं

एम.एस्सी. झाल्यावर मी वडिलांकडून एक वर्ष मागून घेतलं. वर्षात एम.फिल. पुरं करायचं, नाही झालं तर जे स्थळ येईल त्याला मुकाट्यानं हो म्हणायचं, असा आमचा करार. वडील गणिताचे मास्तर. त्यांच्याकडे सवलतीचा गुण मिळत नसे.

माझा विषय तळ्यातलं सूक्ष्म शेवाळ. आई नातेवाइकांना सांगायची, "ती पाण्यावर कायतरी करते." यापुढे कुणी विचारत नसे.

तळं पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावातलं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. दर गुरुवारी एस.टी.नं जायचं, रेशमी जाळीनं पाणी गाळायचं आणि बाटल्या सांभाळत परत यायचं. वरून बघितलं तर पाण्यात शेण, म्हशी आणि हिरवट तवंग. पण मायक्रोस्कोपखाली थेंब धरला की आत जत्रा! कुणी शेपूट हलवत पोहणारे, कुणी काचेच्या डबीत बसलेले जडशीळ, वारा सुटला की वर येणारे आणि पडला की तळाला जाणारे. काही थंडीत माजायचे, काही ऐन उन्हाळ्यात. एकाचा बहर ओसरला की दुसरा कामाला लागायचा. त्यामुळे पाण्यातल्या बारीक किड्यांना, आणि ते खाणाऱ्या माशांना, बारा महिने पोटभर मिळायचं. आमच्या विभागात मात्र एक क्लार्क रजेवर गेला की सगळंच ठप्प. हे मी आमच्या सरांना बोलून दाखवलं नाही.

तळ्याकाठी तालीम होती. तिथले वस्ताद मला म्हशीचं धारोष्ण दूध पाजल्याशिवाय पाण्याला हात लावू देत नसत. मला ते घशाखाली उतरत नसे, पण कोल्हापुरात नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मी उतरले, तर नितळ पाण्यातून तळ्याचा तळ दिसत होता. म्हशी गायब. पैलवान काठावर ओळीनं उभे, जणू फोटो काढायचाय.

"कसं हाय?" वस्ताद म्हणाले. "दर बेस्तरवारी पावणं येतंय आणि तळं ह्ये असलं! आमालाच कसंतरी व्हायचं. धुऊन काढलं की!"

"कशानं?"

"मोरचुदानं. द्राक्षाला मारत्यात, तळ्याला काय हुतंय?"

मोरचूद शेवाळाला विषच. परत येऊन मी थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला. आत कुणी नव्हतं. पाहुणचाराच्या नादात त्यांनी माझी सगळी जत्रा उठवली होती.

थोड्याच आठवड्यांत तळं पुन्हा हिरवं झालं, रंगाचा डबा लवंडल्यासारखं. वाचलेली एकच बुळबुळीत जात माजली होती, कारण तिच्या जागेवर हक्क सांगणारे मेले होते आणि शेवाळ खाणारे किडेही. सरांनी बाटली उजेडात धरली आणि खूश झाले. "वा, उत्पादन वाढलंय की!" वाढलं होतं खरं, पण ते कुणाच्याच पोटात जात नव्हतं. रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपला आणि एके सकाळी काठाला मासे पोट वर करून पडले होते. मग सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आणखी एक वर्ष हेच तळं बघावं लागेल."

ते माझ्याकडे कुठं होतं? मी तशीच तालमीत गेले आणि वस्तादांवर ओरडले. "तुम्ही माझं वर्ष मारलंत!" ओरडता ओरडता रडू फुटलं, त्यामुळे आणखी संताप आला. अख्खी तालीम माना खाली घालून उभी.

"आमास्नी काय ठावं?" वस्ताद पुटपुटले. "घरचा पत्ता सांगा."

रविवारी दारात फेटे बांधलेले पैलवान, हातात दुधाची किटली. वडिलांना वाटलं, स्थळ आलं. आईला पोहे टाकायला लावून त्यांनी खाकरून विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?" वस्ताद म्हणाले. "तळं मारल्यालं सांगाय आलोय. चूक आमची, पोरीची न्हाय. तिला आनखी एक वरीस द्या."

वडिलांनी त्यांच्या जाडजूड मानांकडे बघितलं आणि वर्ष दिलं. गणिताच्या मास्तरांना उत्तर इतकं झटकन सुचलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या वर्षात म्हशी परतल्या, काही जातीही परतल्या. वस्ताद दर गुरुवारी विचारायचे, "आज कोन नवीन आलं?" आणि मी नावं सांगायची. त्या नावांचा त्यांना काडीचा अर्थ लागत नसे, तरी ऐकून मिशीला पीळ द्यायचे.

एम.फिल. मिळाल्यावर पेढे घेऊन गेले. सगळ्या तालमीनं एकच गलका केला. वस्तादांनी विचारलं, "म्हंजे तळं बरं झालं?"

"नाही," मी म्हणाले. "निम्म्या जाती आल्याच नाहीत. कधी येतील, येतील का, सांगता येत नाही."

"मग तुमचं काम झालं कसं?"

मी पेढ्यांखालची लग्नपत्रिका त्यांच्या हातात ठेवली. करार मी जिंकला होता, तरी पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं.